भटक्या-विमुक्तांबरोबर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मुलीचं समाजशास्त्रात बी.ए. झालंय, घर लातूर जिल्ह्यात. अमेरिकेत वांशिक समतेसाठी सोशल वर्कर काय काय करतात, हे तिने वाचलं. आपल्याकडे तसं काम कुठे आहे, त्यासाठी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावं का, आणि गावाजवळच्या पारधी वस्तीवर जायची इच्छा आहे पण जाऊन नेमकं करायचं काय, असं ती विचारते. मी सोलापूर-धाराशिव पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भटक्या-विमुक्त म्हणजे गावोगाव फिरून जगणाऱ्या जमाती आणि इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या, पुढे त्यातून सुटलेल्या जमाती; पारधी, कैकाडी, बंजारा त्यातलेच.

तुम्ही जे काम अमेरिकेत शोधताय ते तुमच्या तालुक्यात आहे. आपल्याकडे वंशावरून भेद नाही, जातीचा प्रश्न निराळा, असं बरेच जण म्हणतात. सरकारनेही बाहेरच्या मंचांवर हीच भूमिका घेतलीय. २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिथे यावरून मोठा वाद झाला होता. पण वांशिक भेदभावाविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने १९६८ मध्ये स्वीकारला, त्यात रंग आणि वंशाबरोबर जन्मकुळावरून होणारा भेदही येतो. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००७ मध्ये भारताला स्पष्ट सांगितलं की सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा रद्द करा आणि विमुक्त जमातींचं पुनर्वसन करा. ‘यांच्या रक्तातच चोरी आहे’ हे वाक्य तुम्ही लातूरच्या कुठल्याही बाजारात ऐकू शकता. त्याला वंशभेद नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हे वाक्य लोकांच्या तोंडी कुठून आलं ते समजून घेतल्याशिवाय वस्तीवर पाऊल ठेवू नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा हिशेब. कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ मध्ये देशभर पसरला. जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात जायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, पोलिस पाटलाकडे नाहीतर ठाण्यात हजेरी द्यावी लागायची आणि गाव सोडायचं तर पास लागायचा. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची सोय केली. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. म्हणून आमच्याकडे ३१ ऑगस्टला विमुक्ती दिन पाळतात. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा आणला, आणि ठाण्याच्या कपाटातली नावं कपाटातच राहिली.

सोलापूरला या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली मोठी सेटलमेंट होती. आजही तो भाग त्याच नावाने ओळखतात. तिथे माणसं गिरणीत कामाला जायची, मुलांना शाळा होती, आजाऱ्याला औषध मिळायचं. देशात ठिकठिकाणी अशा वसाहती चालवायला मिशनरी पुढे आले. आंध्रातल्या स्टुअर्टपुरमची वसाहत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेकडे होती. त्या मंडळींना आपण समाजसेवाच करतोय असं मनापासून वाटत होतं. यांना सुधारायचं, कामाची सवय लावायची, देवाचं नाव शिकवायचं. आणि संध्याकाळी हजेरी घेऊन फाटक बंद करायचं.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते: तुम्हाला बदलायचंय कुणाला? उत्तर ‘पारध्यांना’ असेल तर दुसरं काम निवडा. त्यांना सुधारायला दीडशे वर्षं माणसं येतायत. बदलायचीय ती पोलिस ठाण्यातली वही, तहसीलमधली फाइल, शाळेतला हजेरीपट आणि ग्रामपंचायतीचा ठराव. माणूस जन्माने गुन्हेगार असतो ही समजूत आज भाषणात कुणी बोलत नाही, पण ती नोंदींमधून जिवंत राहते आणि नोंद बदलेपर्यंत मरत नाही. या कामातली समता शेवटी कागदावरच मिळवावी लागते.

आता ठाण्याचं सांगते, कारण तुमचा पहिला फोन तिथूनच येणार. गावात घरफोडी होते आणि पहाटे वस्तीवर जीप येते. पुरुष झोपेतून उठवून नेतात. पोरं पाठीमागे धावतात, बायका फोन लावतात. फोनवर पलीकडून रडणं ऐकू येत असतं. तुम्ही न रडता विचारायचं: गाडी किती वाजता आली? नंबर पाहिला का? वर्दी होती की साधे कपडे? कुठलं ठाणं सांगितलं, की एलसीबीची (स्थानिक गुन्हे शाखेची) माणसं होती? कुणाकुणाला नेलं, वय काय, कुणाला आधीचं दुखणं आहे का? हे सगळं वहीत वेळेसह लिहून काढायचं, मग ठाण्यात जायचं. तिथे ‘असा कुणी आणलाच नाही’ हे उत्तर मिळेल. तेव्हा भांडत बसू नका. लेखी अर्ज द्या: अमुक वाजता अमुक वस्तीवरून अमुक व्यक्तीला नेलं, तिची माहिती द्यावी. पोच मागा. पोच देत नसतील तर तोच अर्ज तिथूनच पोलिस अधीक्षकांना ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्या कागदावरची वेळ पुढे खूप महत्त्वाची ठरते, कारण अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचं बंधन संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे, आणि ‘अटक’ दोन दिवस उशिरा दाखवणं ही फार जुनी रीत आहे.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सरसकट अटक करायची नसते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे नोटीस द्यायची असते. कोठडीतल्या कुठल्याही माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे ठाण्यात बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांना माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे, एवढं कळलं की बोलण्याचा सूर बदलतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. आवाज चढवणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा कलम आणि वेळ लिहिलेला कागद शांतपणे पुढे करणारी मुलगी ठाणे अंमलदाराला जास्त जड जाते.

दोन निकाल छापून पिशवीत ठेवा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात हिस्ट्रीशीटचा, म्हणजे ज्यांच्यावर पोलिस कायम नजर ठेवतात त्यांच्या नोंदींचा, विषय स्वतःहून सगळ्या राज्यांसाठी उचलला आणि मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे त्यात घातली जाऊ नयेत असं बजावलं. मग ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातीत जन्मला म्हणून कुणाला ‘सराईत’ म्हणता येणार नाही, हे त्यात आलंय. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही निर्देश दिलेत. निकाल झाला म्हणून ठाणं आपोआप बदलत नाही. माहितीच्या अधिकारात हिस्ट्रीशीटांचं पुनर्विलोकन कधी झालं ते विचारावं लागतं, नाव काढण्यासाठी अर्ज करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलीची सगळ्यात जास्त गरज तिथे आहे.

हे सगळं कशासाठी, असं वाटलं तर २०१९ चा निकाल वाचा. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना अटक झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तपास करणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच केला गेला नाही. सोळा वर्षं गेली. त्या सहांमधला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

ठाणं हा झाला आणीबाणीचा भाग. रोजचं काम दाखल्यांचं आहे, आणि यात नवी माणसं लवकर कंटाळतात. महाराष्ट्रात विमुक्त जाती किंवा भटक्या जमातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब राज्यात राहत होतं याचा पुरावा मागतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आता ज्यांना एका गावात तीन दिवसांपेक्षा जास्त पाल (राहायचा तंबू) टाकू दिलं जात नव्हतं, त्यांनी १९६१ चा सातबारा कुठून आणायचा? आजोबा शाळेत गेले नाहीत. जन्म माळावर झाला, नोंद नाही. जन्मतारीख नाही म्हणून शाळेत अंदाजे तारीख, आधारवर दुसरीच, रेशनकार्डावर तिसरी.

त्यातून जातींच्या याद्यांचा घोळ असा की डोकं गरगरावं. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण पालपारधी आणि राजपारधी विमुक्त जातींत. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, आणि सोलापुरात विमुक्त जातीत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमात. आमच्याकडून अक्कलकोट ओलांडून पलीकडे कर्नाटकात लग्न करून गेलेल्या मुलीच्या भावाचा आणि नवऱ्याचा दाखला वेगळा. त्यामुळे मुख्याध्यापकांनी पहिलीच्या रजिस्टरात काय शब्द लिहिला, यावर त्या मुलाचं पुढचं सगळं शिक्षण अडकू शकतं. प्रवेशाच्या दिवशी आईबरोबर शाळेत जाऊन तो रकाना नीट भरून घेणं हे अगदी साधं काम आहे, पण मला ते कुठल्याही शिबिरापेक्षा मोलाचं वाटतं.

पुरावा सापडतो, शोधावा लागतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेलं जन्म-मृत्यूचं पुस्तक असतं. ज्या गावात पालं पडायची त्या गावांची नावं म्हाताऱ्या माणसांना पाठ असतात. त्यांना बोलतं करायचं आणि त्या त्या गावची पुस्तकं चाळायची. बहुतेक मोडीत असतात, म्हणून मोडी वाचता येईल एवढं शिकून घ्या, नाहीतर वाचणारा माणूस हाताशी ठेवा. एका कैकाडी कुटुंबाचं आम्हाला कुठेच काही मिळेना. जन्माची नोंद नाही, शाळा नाही, जमीन नाही. शेवटी सापडलं ते पोलिसांच्याच जुन्या हजेरीच्या रजिस्टरात: आजोबांचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, अंगठा. ज्या वहीने त्या माणसाला जन्मभर गुन्हेगार ठरवलं, तिच्याच नकलेवर त्याच्या नातीला दाखला मिळाला आणि ती नर्सिंगला गेली. नक्कल हातात आली तेव्हा तिच्या आईने तो अंगठा बराच वेळ बोटाने चाचपला. मग मला म्हणाली, “ताई, ह्याची झेरॉक्स काढा, पण मला एकच द्या. जास्ती नको घरात.”

पुरावा अजिबातच नसेल तर स्थानिक चौकशी, पंचनामा, वस्तीतल्या नात्यातल्या दाखलाधारकांची वंशावळ या मार्गाने जावं लागतं. उशिरा जन्मनोंदीसाठी वर्ष उलटून गेलं असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. प्रत्येक कुटुंबाची एक वेगळी फाइल करा, आणि मूळ कागद तुमच्याकडे चुकूनही ठेवू नका. कागद त्यांचे आहेत.

शाळेबद्दल एकच सांगते. पारधी मुलाची घरची बोली गुजरातीच्या जवळची, कैकाडी मुलाची तमिळच्या, वडार मुलाची तेलुगूच्या. पहिलीत आलेल्या मुलाला मराठी कळत नाही, आणि गुरुजी शेरा मारतात ‘गती कमी’. तुम्ही त्या बोलीतले दोनशे शब्द शिकलात तरी पोरं तुमच्याभोवती गोळा होतील, आणि बाया मग तुमच्याशी खरं बोलायला लागतील.

पोटापाण्याचा प्रश्नही कायद्याशी जोडलेला आहे, हे पुस्तकात फारसं येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, साप-अस्वल घेऊन फिरणं थांबलं. कायदा योग्यच होता, पण त्यावर जगणाऱ्यांना बदल्यात काही दिलं नाही. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात तर रस्त्यावर गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरत करणं हेही भीक मागण्यात धरलंय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या, महाराष्ट्रात तो कायदा आहेच. नंदीवाला, डोंबारी, डवरी गोसावी यांचा पिढीजात धंदा म्हणजे कायद्याने गुन्हा. आणि कायदा नसला तरी संशय आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते आमच्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरत होते. अफवा मोबाइलवर आली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवायची तयारी खूप जुनी होती. तेव्हापासून आम्ही फिरस्त्या कुटुंबांना निघण्याआधी ओळखपत्रं करून देतो आणि जिथे मुक्काम आहे तिथल्या ठाण्याला कळवतो. मला हे अजिबात आवडत नाही. पुन्हा ठाण्याला कळवून फिरणं म्हणजे जुना पासच झाला. पण माणसं जिवंत परत यायला हवीत, म्हणून करतो.

वस्तीच्या आतही अन्याय आहे, तो दिसला की गप्प बसायचं नाही. जातपंचायत बाईच्या चारित्र्याचा निवाडा करते, दंड लावते, वाळीत टाकते. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यासाठीच आहे. पण त्यात पुढाकार आतल्या मुलामुलींचाच असू द्या. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८ च्या सुमारास कौमार्य चाचणीविरुद्ध स्वतः मोहीम उघडली, मार खाल्ला, मागे हटले नाहीत. आपलं काम त्यांच्या पाठीशी राहण्याचं, वकील आणि पोलिस संरक्षण मिळवून देण्याचं. बाहेरच्या माणसाने टीव्हीवर जाऊन ‘यांच्या अघोरी प्रथा’ सांगितल्या की जुनाच शिक्का पुन्हा ठळक होतो.

आता शिक्षणाचं. एम.एस.डब्ल्यू. करा, जमत असेल तर नक्की करा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत १९३६ पासून आहे आणि तिचं एक केंद्र तुळजापूरला आहे, तुमच्या घरापासून फार लांब नाही. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन, नागपुरात मातृ सेवा संघाचं महाविद्यालय, ही जुनी आणि चांगली ठिकाणं आहेत. प्रवेश घेताना इमारत पाहू नका; क्षेत्रकार्य (वस्त्यांवर, संस्थांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम) आठवड्यातून किती दिवस आहे आणि ते कुठे देतात ते विचारा. नुसतं शाळेत समुपदेशन आणि कंपनीच्या निधीचे अहवाल लिहून घेणार असतील तर तुमच्या उपयोगाचं नाही. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर एम.एस.डब्ल्यू.नंतर तीन वर्षांचं एल.एल.बी. करा. या क्षेत्रात भावनेने आलेली माणसं पुष्कळ आहेत, जामीन अर्ज लिहिता येणारी फार थोडी. भोपाळमध्ये पारधी आणि इतर विमुक्तांसाठी वकील आणि संशोधकांचा एक गट पोलिसी नोंदींचाच अभ्यास करतो, त्यांचं काम वाचा. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाचा २००८ चा अहवाल आणि भिकू रामजी इदाते आयोगाचा त्यानंतरचा अहवाल, दोन्ही वाचून काढा. शिफारशींपैकी किती अमलात आल्या ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पगार कमी असतो, हे आताच घरी सांगून ठेवा. पहिली काही वर्षं एखाद्या फेलोशिपवर किंवा संस्थेच्या प्रकल्पावर काढावी लागतात, आणि प्रकल्प संपला की वस्ती सोडावी लागते असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून प्रकल्पाच्या बाहेरची एक ओळख जपा. विधी सेवा समितीचा विधी स्वयंसेवक होणं हा त्यासाठी चांगला मार्ग आहे. प्रशिक्षण मोफत असतं, ओळखपत्र मिळतं, ठाण्यात आणि कोर्टात त्या ओळखपत्राला मान आहे. संस्था बदलली तरी ते तुमच्याकडे राहतं.

एम.एस.डब्ल्यू.चा प्रवेश व्हायला अजून वेळ असेल तर तो वाया घालवू नका. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्या. मग वस्तीवर जा, पण वही-पेन आणि सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन पहिल्याच दिवशी जाऊ नका. त्या लोकांच्या आयुष्यात नाव विचारून लिहून घेणारा माणूस कधी चांगल्या कामाला आलेला नाही. वस्तीतल्या एखाद्या बाईचं रेशनचं किंवा मुलाच्या दाखल्याचं अडलेलं एक काम घ्या आणि तिच्याबरोबर तहसीलला जा. रांगेत तिच्या मागे उभ्या राहा, पुढे नको. खिडकीवर बोलायचं तिने, अडलं तरच तुम्ही. कागद मिळाला की तो तिच्या हातात द्या, आणि दुसरं काम कुणाचं अडलंय ते तिलाच विचारा.